नवीन ॲक्सेस पॉइंट लावला. फोन 'जोडलेले आहे' म्हणतो, पण नेट नाही (जुना वाडा, औसा तालुका)

ढाळजेवरून · सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे तुम्हाला परत परत विचारावं लागणार नाही.

घर औसा तालुक्यात, गावात. पुढचा भाग आजोबांनी बांधलेला: ढाळज, चौक आणि माळवदाच्या दोन खोल्या. भिंती दगड-मातीच्या, दोन फुटांच्या वरच. मागची बाजू १९९३ च्या भूकंपात बसली, तिथं नंतर स्लॅबच्या तीन खोल्या काढल्या. फायबर ढाळजेत येतं, कंपनीचा डबा तिथंच देवळीत ठेवलाय. ढाळजेत नेट झकास, चौकात बरं, मागं काहीच नाही.

लेक बारावीला आहे, नीटची तयारी चालू आहे. लातूरच्या क्लासच्या टेस्ट ऑनलाइन असतात. इतके दिवस ती चौकात खाट टाकून टेस्ट द्यायची. आता ऊन वाढलंय, आणि चौकात दिवसभर माणसांची ये-जा. म्हणून तिच्या खोलीसाठी ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीनं आलेलं नेट वायफायनं देणारा डबा, घेतला. ढाळजेतून मधल्या खोलीत टीव्हीपर्यंत वायर आधीचीच होती, वायरमननं तिथून मागं वायर ओढली. सगळी मिळून चाळीसेक मीटर असेल.

त्रास असा आहे. मागच्या खोलीत फोनवर वायफायचे दांडे पूर्ण भरलेले दिसतात, पण खाली येतं 'जोडलेले आहे, इंटरनेट नाही'. नवा डबा बंद करून चालू केला की कधी दहा मिनिटं चालतं, कधी अजिबात नाही. सगळ्यात वाईट म्हणजे ढाळजेतलं चांगलं चाललेलं नेटसुद्धा आता मधूनच जायला लागलंय. हे आधी कधीच नव्हतं.

रविवारी लेकीची मोठी टेस्ट आहे. डबा परत करायची मुदत सात दिवस, त्यातले तीन गेले. डबा खराब निघालाय का, एवढं कळलं तरी खूप झालं.

मोसंबी_जालना · सोमवार, रात्री ९:२५

परत करा आणि मेश घ्या. एकमेकांशी वायफायनंच जोडणाऱ्या तीन डब्यांचा संच येतो, मोबाइलवरून दहा मिनिटांत लागतो. वायरींच्या भानगडीत पडू नका.

बिंदुसरा · सोमवार, रात्री ९:४०

मोसंबी, दोन फुटी दगड-मातीच्या भिंती वाचल्यात ना तुम्ही? बीडला माझ्या माहेरी तसंच माळवद आहे. आम्ही मेशच घेतला होता. एक डबा ओसरीत, एक माजघरात. मधल्या भिंतीतून त्या दोन डब्यांचंच एकमेकांशी बोलणं होईना, मग फोनला नेट कुठून मिळणार? शेवटी तेच डबे वायरीनं जोडले तेव्हा चालले. ढाळजेवरून दादांनी वायर ओढलीय ते शंभर टक्के योग्य केलंय. वायर काढू नका.

तारवाला_नांदेड · सोमवार, रात्री १०:०५

मी नांदेड भागात कॅमेरे आणि नेटवर्कची कामं करतो. डबा खराब असायची शक्यता फार कमी. दांडे भरलेले दिसतात म्हणजे रेडिओ व्यवस्थित आहे. दांडे फक्त फोन आणि डबा यांच्यातलं सांगतात. डब्याच्या पुढं नेट पोचतंय का याच्याशी त्यांचा संबंध नाही.

तीन गोष्टी सांगा:
ढाळजेकडून आलेली वायर नव्या डब्याच्या कुठल्या भोकात लावलीय, वॅनच्या (बाहेरचं नेट आत घ्यायच्या) की लॅनच्या (घरातली उपकरणं जोडायच्या)?
डबा 'राउटर' मोडवर आहे की 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर?
त्याचं सेटिंगचं पान कुठल्या नंबरवर उघडतं?

ढाळजेवरून · सोमवार, रात्री १०:४०

वॅनमध्ये लावलीय, निळं भोक. मोड 'वायरलेस राउटर' दाखवतंय. पान १९२.१६८.१.१ वर उघडतं. एक गंमत सांगतो. हाच नंबर ढाळजेत बसून टाकला तर कंपनीच्या डब्याचं पान उघडतं, मागं बसून टाकला तर नव्याचं. मला वाटलं असंच असतं.

तारवाला_नांदेड · सोमवार, रात्री १०:५५

असं नसतं दादा. पहिला घोळ सापडला.

तुमचा नवा डबा स्वतःला राउटर समजतोय. पाठीमागच्या वायरीतून त्याला १९२.१६८.१ च्या घरातला पत्ता (आयपी ॲड्रेस, म्हणजे उपकरणाचा नेटवर्कमधला नंबर) मिळतोय आणि पुढच्या बाजूला तोही १९२.१६८.१ चंच घर मांडून बसलाय. दोन्हीकडं एकच आकडे असले की माहिती बाहेर पाठवायची का आतच ठेवायची, हे त्याला ठरवता येत नाही. काही डबे हे ओळखून स्वतःचा नंबर आपोआप बदलतात, तुमचा बदलत नाहीये.

सेटिंगमध्ये 'ऑपरेशन मोड' असेल, तिथं 'ॲक्सेस पॉइंट' निवडा आणि सेव्ह करा. डबा एकदा बंद होऊन चालू होईल. मग तो पत्ते वाटायचं काम सोडून देईल, फक्त वायरीतलं नेट हवेत सोडेल. त्यानंतर त्याचं पान जुन्या नंबरवर उघडणार नाही, घाबरू नका. कंपनीच्या डब्यात जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिथं त्याचा नवा नंबर मिळेल.

ढाळजेवरून · सोमवार, रात्री ११:३०

तारवाला दादा, चालू झालं! लेकीच्या खोलीत व्हिडिओ एकदम सुरळीत. ती आत्ताच सरांचं लेक्चर लावून बसली. तुमचे उपकार विसरणार नाही.

तेरणाकाठ · मंगळवार, सकाळी ७:१५

अभिनंदन. आता हातासरशी दोन्ही डब्यांना वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा. ढाळजेतून मागं जाताना फोन आपोआप बदलून घेतो.

बिंदुसरा · मंगळवार, सकाळी ८:००

तेरणाकाठ, माझा याला थोडा विरोध आहे. फोन आपोआप बदलतो हे खरं, पण कधी बदलायचं ते फोनच ठरवतो. माझ्या वडिलांचा जुना फोन माजघरात येऊनसुद्धा ओसरीतल्या डब्याला चिकटून बसायचा, एक दांडा उरला तरी सोडायचा नाही. मी नावं वेगळी केली, 'ओसरी' आणि 'माजघर'. वडिलांना वाचता येतं, दिसतं, ते स्वतः निवडतात. म्हाताऱ्या माणसाला हे सोपं जातं.

तेरणाकाठ · मंगळवार, सकाळी ८:२०

चिकटणाऱ्या फोनवर इलाज आहे ताई. पुढच्या डब्याची ट्रान्समिट पॉवर 'हाय'वरून 'मीडियम' करा. मागं त्याचा सिग्नल पुरेसा कमजोर झाला की फोन सोडतो. बहुतेक जण सगळं फुल करून ठेवतात आणि मग फोन लांबच्या डब्याला धरून राहतो. पण वडिलांसाठी वेगळी नावं ठेवली ते पटलं, त्यांना जे जमतं तेच बरोबर.

ढाळजेवरून · मंगळवार, सकाळी १०:०५

मंडळी, परत बंद. आणि या वेळी सगळं घर बंद.

रात्रभर चाललं. सकाळी सहाला लाइट गेली, पावणेसातला आली. तेव्हापासून ढाळज, चौक, मागची खोली, कुठंच नेट नाही. कंपनीच्या डब्यावर लाल दिवा नाही, सगळे हिरवे. दांडे भरलेले. तेच वाक्य, 'इंटरनेट नाही'. कंपनीच्या डब्याची पिन काढून परत लावली, मग माझा फोन चालू झाला, बायकोचा नाही. तिचा फोन माझ्या शेजारीच ठेवलाय, त्याच वायफायला. हे काय आहे?

मोसंबी_जालना · मंगळवार, सकाळी १०:२०

व्होल्टेज. गावाकडं लाइट आली की एकदम मोटारी सुरू होतात, दिवे बारीक होतात. ॲडाप्टरला नीट १२ व्होल्ट मिळत नसणार. बारका यूपीएस बसवा, १२ व्होल्टचा येतो, राउटरसाठीच असतो.

हळदीचं_पान · मंगळवार, सकाळी १०:४५

वसमतकडून लिहितोय. मोसंबी म्हणतात तो यूपीएस घ्याच, मी तीन वर्षांपासून वापरतोय, लाइट गेलेली राउटरला कळतसुद्धा नाही. फक्त डब्याच्या ॲडाप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते बघून घ्या. काही डबे ९ व्होल्टचे असतात, त्यांना १२ चा लावू नका.

पण शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन फोनांत एक चालू आणि एक बंद, हे व्होल्टेजचं लक्षण वाटत नाही मला.

पूर्णाकाठ · मंगळवार, दुपारी १२:१०

वायर तपासली का कुणी? परभणीला आमच्याकडं असाच लपंडाव चालू होता. वायरमननं स्वस्तातली वायर वापरलेली. जॅक कापला आणि एक तार ब्लेडनं खरवडली, तर वरचा तांबडा थर निघून आत पांढरं ॲल्युमिनियम. तांब्याची तार आतपर्यंत तांबडीच दिसते. ॲल्युमिनियमची तार जॅकच्या दातात सैल पडते, उन्हानं ताणली-आकसली की पकड जाते.

आणि जॅकमधल्या आठ तारांचा क्रम बघा: पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. यातल्या चार तारांवर १०० एमबीपीएस चालतं, पण गिगाबिटला (हजार एमबीपीएसला) आठही लागतात. एखादी तार सुटली असली तर डबा गपचूप १०० वर येतो, आपल्याला कळत नाही.

तारवाला_नांदेड · मंगळवार, दुपारी १२:३०

पूर्णाकाठ, माहिती अगदी बरोबर. पण वायर खराब असती तर फक्त मागचं नेट गेलं असतं. ढाळजेत फोन थेट कंपनीच्या डब्याला जोडलेला असताना नेट जातंय, म्हणजे गोष्ट वायरीच्या पलीकडची आहे. मला जरा विचार करू द्या.

मांजरा_वहिनी · मंगळवार, दुपारी १:००

विषयांतर होतंय, माफ करा, पण सिग्नलचं निघालंच आहे म्हणून सांगते. आम्ही लातूर शहरात. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, ते दिवस आम्ही काढलेत. त्यानंतर घरात पाणी साठवायची सवय लागली ती लागलीच. जिन्याखाली हजार लिटरच्या दोन टाक्या आहेत. वायफायचा डबा त्या टाक्यांच्या मागच्या भिंतीवर होता. टाक्या भरल्या की स्वयंपाकघरात नेट नाही, रिकाम्या झाल्या की परत येतं! सहा महिने आम्ही कंपनीला फोन करत होतो. शेवटी भाच्यानं सांगितलं की वायफायच्या लहरी पाणी शोषून घेतं. डबा टाक्यांच्या वर, जिन्याच्या कठड्याजवळ नेला, तेव्हापासून एकदाही तक्रार नाही.

हळदीचं_पान · मंगळवार, दुपारी १:१५

वहिनी, हे लई कामाचं सांगितलंत. पत्र्याचंही असंच. आमच्या शेतातल्या आखाड्यावरच्या पत्र्याच्या खोलीत बाहेरचा सिग्नल आत शिरत नाही आणि आतला बाहेर येत नाही. डबा दाराच्या वरच्या झरोक्यात ठेवला तेव्हा अंगणात आला.

खामकाठी · मंगळवार, संध्याकाळी ६:५०

छत्रपती संभाजीनगरहून. नेटवर्किंगमध्ये नोकरी आहे. धागा आत्ता वाचला.

ढाळजेवरून दादा, बंद पडलेला फोन हातात घ्या. वायफायच्या यादीत जोडलेल्या नावावर दाबा, खाली तपशील उघडतो. तिथं 'आयपी ॲड्रेस' आणि 'गेटवे' असे दोन आकडे असतील. तेच दोन आकडे चालू असलेल्या फोनवरही बघा. चारही आकडे इथं लिहा. बाकी काही करू नका.

ढाळजेवरून · मंगळवार, संध्याकाळी ७:२०

माझा (चालू): आयपी १९२.१६८.१.७, गेटवे १९२.१६८.१.१
बायकोचा (बंद): आयपी १९२.१६८.०.१०४, गेटवे १९२.१६८.०.१

खामकाठी · मंगळवार, संध्याकाळी ७:३५

तिसरा आकडा बघा. एकाचा १, एकाचा ०. यातच सगळं आलं.

कंपनीचा डबा १९२.१६८.१ चे पत्ते वाटतो. मग हा शून्यवाला पत्ता दिला कुणी? घरात पत्ते वाटणारं दुसरं काहीतरी आहे. एका गावाला दोन तलाठी बसवले आणि दोघंही आपापल्या रजिस्टरवरून सातबारा द्यायला लागले तर जे होईल, ते तुमच्या घरात चाललंय. नवीन फोन आला की तो ओरडून विचारतो, 'मला पत्ता कोण देतंय?' जो आधी बोलेल त्याचा पत्ता फोन घेतो. खऱ्या तलाठ्याचा मिळाला तर नेट चालतं. दुसऱ्याचा मिळाला तर फोन नेट मागायला त्याच्याच दारात जातो, आणि त्याच्याकडं बाहेर जायचा रस्ताच नाही. म्हणून शेजारच्या दोन फोनांत फरक पडतोय.

आता नव्या डब्याची वायर काढा, तो पूर्ण बंद करा. ढाळजेत बायकोच्या फोनचं वायफाय बंद करून परत चालू करा, दोन-चार वेळा. शून्यवाला पत्ता येतो का सांगा.

तारवाला_नांदेड · मंगळवार, संध्याकाळी ७:४०

माझ्या डोक्यात हेच घोळत होतं, पण काल ॲक्सेस पॉइंट मोड केल्यावर नव्या डब्याचं पत्ते वाटणं बंद व्हायला हवं होतं. ते बंद झालं नसेल असं धरून बसलो होतो. बघू काय येतं.

ढाळजेवरून · मंगळवार, रात्री ८:०५

नवा डबा टेबलावर ठेवलाय, त्याला वायरही नाही, लाइटही नाही. तरी तिसऱ्या वेळी शून्यवालाच पत्ता आला. म्हणजे नवा डबा निर्दोष?

खामकाठी · मंगळवार, रात्री ८:१०

निर्दोष. परत करू नका.

आता शून्यवाला पत्ता घेतलेल्या त्याच फोनवर ब्राउझर उघडा आणि १९२.१६८.०.१ टाका. मोबाइल डेटा बंद ठेवा.

ढाळजेवरून · मंगळवार, रात्री ८:३०

उघडलं. बघून दोन मिनिटं गप्प बसलो.

ते पान आमच्या जुन्या राउटरचं आहे. फायबर यायच्या आधी गावात नेट यायचं तेव्हाचा. टीव्ही फायबरवर घेतला तेव्हा भाच्यानं तो टीव्हीच्या मागं लावला होता, वायर जोडायला. त्याचं वायफाय तेव्हाच बंद केलं होतं, म्हणून तो कधी कुठल्या यादीत दिसला नाही. टीव्हीच्या मागं, कपाटाला टेकून, वर धुळीचा थर. आत्ता टॉर्च लावून बघितलं. पिवळ्या रंगाच्या चार भोकांत तीन वायरी आहेत: एक ढाळजेतून आलेली, एक टीव्हीची, एक मागं गेलेली. निळं भोक रिकामं.

पण मंडळी, हा डबा तर दोन वर्षांपासून तिथंच आहे. त्रास आत्ताच का सुरू झाला?

खामकाठी · मंगळवार, रात्री ९:००

तुमच्या शेवटच्या वाक्यात उत्तर आहे. निळं भोक रिकामं.

दोन वर्षं ढाळजेतली वायर नक्की निळ्या, म्हणजे वॅनच्या भोकात असणार. तेव्हा जुना राउटर फक्त स्वतःच्या मागच्या टीव्हीला शून्यवाला पत्ता द्यायचा. वॅनच्या भोकातून तो पत्ते बाहेर वाटत नाही. टीव्ही चालायचा, बाकी घराला त्याचा पत्ताही नव्हता. परवा मागची वायर ओढताना वायरमननं ढाळजेची वायर निळ्यातून काढून पिवळ्यात घातली. त्याचा हेतू चांगला होता. असं केलं की राउटर साध्या स्विचसारखा, म्हणजे नुसत्या वायरी एकमेकींना जोडणाऱ्या डब्यासारखा, काम करतो, मागच्या खोलीला थेट कंपनीच्या डब्याचं नेट मिळतं. पण त्याआधी जुन्या राउटरचं पत्ते वाटणं, म्हणजे डीएचसीपी, बंद करायला हवं होतं. ते राहिलं. त्या क्षणापासून जुन्या डब्याचे पत्ते ढाळजेपर्यंत पोचायला लागले.

आणि सकाळी लाइट आल्यावर सगळं घर का बंद पडलं तेही यातच आहे. जुना राउटर पटकन चालू होतो. कंपनीच्या फायबरच्या डब्याला आधी प्रकाश पकडायचा, मग कंपनीशी ओळख पटवायची, मग घरासाठी तयार व्हायचं. त्याला वेळ लागतो. त्या मधल्या वेळात पत्ते वाटायला एकटा जुना राउटरच हजर. ज्यानं विचारलं त्याला शून्यवाला पत्ता. एकदा पत्ता मिळाला की फोन तो धरून ठेवतो, नंतर खरा डबा जागा झाला तरी.

हळदीचं_पान · मंगळवार, रात्री ९:१०

वा! शेजारचे दोन फोन वेगळे वागतात ते आता समजलं. व्होल्टेजवर सगळं ढकललं असतं तर रविवार हातचा गेला असता.

मोसंबी_जालना · मंगळवार, रात्री ९:२०

मान्य. मी परत करा म्हणालो होतो ते मागं घेतो. चांगला डबा परत गेला असता आणि दुसरा आणूनही हेच झालं असतं. नवी वस्तू आणली की संशय तिच्यावरच जातो.

तारवाला_नांदेड · मंगळवार, रात्री ९:४०

खामकाठी सर, मानलं तुम्हाला. दादा, आत्ता रात्रीपुरता उपाय: जुन्या राउटरच्या पानात 'डीएचसीपी सर्व्हर' शोधा, 'डिसेबल' करा, सेव्ह. शिवाय त्याचा स्वतःचा लॅन आयपी १९२.१६८.१.२५० करा. आधी कंपनीच्या डब्यात पत्त्यांची रेंज कुठंपर्यंत आहे ते बघून घ्या, २५० तिच्या बाहेर पाहिजे. मग घरातल्या सगळ्या फोनांचं वायफाय एकदा बंद-चालू करा.

कायमचा उपाय मात्र वेगळा. जुना राउटर काढूनच टाका, तिथं पाच भोकांचा साधा गिगाबिट स्विच लावा. कारण एखाद्या दिवशी कुणा लेकरानं पिन घालून त्याचं रिसेट बटण दाबलं तर डीएचसीपी परत चालू होईल आणि तुम्ही परत इथं लिहायला याल. स्विचला सेटिंगच नसतं, म्हणून बिघडायलाही काही नसतं. शिवाय जुन्या राउटरची भोकं बहुतेक १०० चीच असणार, स्विचनं मागच्या खोलीला पूर्ण वेग मिळेल.

ढाळजेवरून · मंगळवार, रात्री १०:२५

डीएचसीपी बंद केलं. नवा डबा परत लावला. घरातले सहा फोन, लॅपटॉप, टीव्ही, सगळ्यांचे पत्ते एकेक करून बघितले. सगळीकडं १९२.१६८.१. लेकीनं वहीत लिहून काढले, कुणाचा कुठला. उद्या लातूरला जाऊन स्विच आणतो.

पूर्णाकाठ · बुधवार, सकाळी ८:३०

एक सावधगिरी सांगतो, अजून पाऊस दूर आहे तोवर. वायर चौकातून उघड्यावरून गेलीय का? मागच्या वर्षी मेमध्ये अवकाळीत वीज पडली. आमच्या घरावर नाही, तीन शेतं पलीकडं. माझ्या घरून भावाच्या घराला तांब्याची वायर वरून ओढलेली होती. दोन्हीकडच्या डब्यांची भोकं एका क्षणात गेली, दिवे लागायचे पण वायर ओळखायची नाही. आता दोन घरांच्या मधे फायबर टाकलंय, दोन्ही टोकांना बारके कन्व्हर्टर. काचेतून वीज वाहत नाही.

ढाळजेवरून · बुधवार, सकाळी ९:००

चौकाच्या कडेनं, वळचणीखालून पाइपातून नेलीय. एकाच घरात आहे, पण तुमचं लक्षात ठेवतो. वादळ दिसलं की जॅक काढून ठेवू.

तेरणाकाठ · बुधवार, सकाळी ११:१५

आता जरा माझाही प्रश्न सोडवा. धाराशिवला नवा ॲक्सेस पॉइंट लावलाय. २.४ चं नाव लगेच दिसतं, ५ गिगाहर्ट्झचं नाव डबा चालू केल्यावर मिनिटभर दिसतच नाही, मग येतं.

खामकाठी · बुधवार, दुपारी २:००

चॅनल 'ऑटो'वर असेल आणि त्यानं ५२ किंवा त्याच्या पुढचा चॅनल निवडला असेल. त्यातले बरेच रडारसुद्धा वापरतात. म्हणून डबा आधी साठ सेकंद कान देऊन ऐकतो, रडार नाही अशी खात्री झाली की मगच नाव सोडतो. ३६ ते ४८ मधला चॅनल ठरवून टाका, लगेच दिसेल. २.४ मध्ये १, ६ किंवा ११ यांपैकीच एक ठेवा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. दोन डबे असतील तर एक १ वर, दुसरा ११ वर.

तेरणाकाठ · बुधवार, दुपारी २:३०

३६ केला. लगेच आलं. धन्यवाद सर.

मांजरा_वहिनी · बुधवार, दुपारी ३:१०

आणि माझा जुना प्रिंटर नव्या डब्याला जोडतच नाही, त्याचं काय?

तारवाला_नांदेड · बुधवार, दुपारी ३:२५

वहिनी, सुरक्षेच्या सेटिंगमध्ये 'डब्ल्यूपीए-३' असेल. ते 'डब्ल्यूपीए-२' किंवा दोन्ही मिळून असलेला पर्याय करा. आणि जुने प्रिंटर फक्त २.४ ओळखतात, त्याला ते नाव द्या.

ढाळजेवरून · गुरुवार, रात्री ८:४५

काल स्विच आणला, लावला. जुना राउटर टीव्हीमागून काढला, पुसला, पिशवीत घालून माळ्यावर ठेवला. पिशवीवर लेकीनं लिहिलंय: 'वापरायचा असेल तर आधी डीएचसीपी बंद कर.'

आज मुद्दाम परीक्षा घेतली. सगळे घरात असताना मेन स्विच पाडला, पाच मिनिटं थांबलो, परत चढवला. नवा डबा चाळीस सेकंदांत वायफाय दाखवायला लागला, पण फोनला पत्ता मिळेना. मनात म्हटलं, गेलं परत. लेक म्हणाली, बाबा थांबा, खरा तलाठी अजून उठला नाही. कंपनीच्या डब्याचे दिवे एकेक करून लागत होते, आम्ही सगळे देवळीसमोर उभे. दोन मिनिटं आणि वर काही सेकंद लागले. मग एकापाठोपाठ एक सगळे फोन चालू, सगळ्यांचे पत्ते १९२.१६८.१ चे. तीन वेळा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच.

डबा परत करत नाही. खामकाठी सर, तारवाला दादा, तुम्हा दोघांना कधी औशाकडं येणं झालं तर घरी यायचंच, हे आमंत्रण मनापासून आहे. बाकी सगळ्यांनाही.

बिंदुसरा · गुरुवार, रात्री ९:००

लेकीला टेस्टसाठी खूप शुभेच्छा. पोरगी हुशार आहे, पत्ते वहीत लिहून ठेवते ते मला फार आवडलं.

नवा_सदस्य_हिंगोली · शनिवार, दुपारी ४:२०

धागा वाचून खाते उघडलं. आमच्याकडं महिनाभरापासून असंच चाललंय, लाइट आली की नेट जातं. वाचून फोनवर पत्ता बघितला, १९२.१६८.३१.४५. कंपनीचा डबा १९२.१६८.१.१ आहे. धाकट्या भावाच्या खोलीत त्यानं हॉस्टेलवरून आणलेला राउटर लावलाय.

तारवाला_नांदेड · शनिवार, दुपारी ४:३०

त्यात ॲक्सेस पॉइंट मोड आहे का बघा. नसेल तर डीएचसीपी बंद करा आणि वायर लॅनच्या भोकात घाला. मोड असला तर कुठल्याही भोकात चालते.

ढाळजेवरून · रविवार, दुपारी १:४०

टेस्ट झाली. तीन तास वीस मिनिटं, मागच्या खोलीत, दार लावून. मधे साडेअकराला लाइट गेली होती. मोसंबी दादांनी सांगितलेला बारका यूपीएस शुक्रवारीच आणून तीन ठिकाणी लावला होता: देवळीत, स्विचला आणि मागच्या डब्याला. लॅपटॉप बॅटरीवर चालला. ती बाहेर आली तेव्हा तिनं विचारलं, पंखा का बंद आहे?

हळदीचं_पान · रविवार, दुपारी २:०५

झकास! स्विचचा ॲडाप्टर किती व्होल्टचा आहे दादा? माझ्याकडचा स्विच ५ व्होल्टचा आहे आणि यूपीएस १२ चा, म्हणून विचारतोय.

ढाळजेवरून · रविवार, दुपारी २:२०

माझाही ५ चाच आहे. दुकानदारानं ५, ९ आणि १२ अशी तीन भोकं असलेला यूपीएस दिला. लावण्याआधी भोकावरचा आकडा आणि ॲडाप्टरवरचा आकडा जुळवून बघा.